लेखणीचा जीर्णोद्धार

विजयादशमीच्या सकाळी आमच्या किनारपट्टीवरील घराघरांतून पाटीवर सरस्वती रेखाटली जाते, पोथ्या-पुस्तके पाटावर मांडली जातात आणि त्यांच्या शेजारी एक लेखणी ठेवली जाते. तिला गंधफूल वाहून घरातील लहानथोर हात जोडतात. शेतकऱ्याने नांगर पुजावा, कारागिराने हत्यारे पुजावीत आणि लेखणीवर पोट भरणाऱ्याने लेखणी पुजावी, हा जुना दंडक आहे. तो आजही पाळला जातो ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्या पाटावर हल्ली कोणती लेखणी असते, हे जरा निरखून पाहावे. बहुधा घरात हाताला लागलेले पाच-दहा रुपयांचे बॉलपेन तेथे विराजमान झालेले असते. वाहिलेले फूल सुकते, दिवाळी येते आणि जाते. त्या पेनातील शाई संपते आणि ज्या वस्तूला आपण हात जोडले ती वस्तू केराच्या टोपलीत जाऊन पडते. पूजेत खंड पडलेला नाही. पूज्य वस्तू मात्र महिना-दोन महिन्यांची सोबतीण झाली आहे.

असे नेहमीच नव्हते. ज्या घरांत आजोबांचे मेज किंवा जुने फडताळ अजून शाबूत आहे, त्या घरांतील खण एकदा उघडून पाहावेत. गंजलेल्या किल्ल्या, औषधांच्या रिकाम्या कुप्या, पोर्तुगीज अमदानीतील चारदोन नाणी आणि कोणा दूरच्या नातलगाची लग्नपत्रिका यांच्या संगतीत तळाशी एखादे फाउंटन पेन पडलेले हटकून सापडते. टोपण घट्ट बसलेले, सोनेरी कडे काळवंडलेले, आतली शाई वाळून दगड झालेली. त्याने कोणे काळी खतपत्रे लिहिली, देवस्थानचे जमाखर्च मांडले, मुंबईला शिकायला गेलेल्या मुलाला पत्रे धाडली. आता ते मुके आहे. अशा मुक्या पेनांना पुन्हा बोलके करण्याचा छंद आज देशोदेशींच्या माणसांना लागला आहे आणि आपल्याकडेही त्याचे उपासक हळूहळू वाढत आहेत. त्या छंदाविषयी आणि त्यातील एका धोक्याविषयी आज आम्हांला दोन शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथमच एका आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे. जुनी पेने जमविणे हा रिकामटेकड्या धनिकांचा उद्योग आहे, असे पुष्कळांना वाटते. पाच-पन्नास पेने काचेच्या कपाटात कुलूपबंद करून पाहुण्यांना दुरून दाखविण्यापुरताच हा छंद असेल, तर आक्षेप खरा आहे. तथापि जो मनुष्य बंद पडलेले पेन उघडतो, त्यातील दोष शोधतो, तो दूर करून त्याने चार ओळी लिहितो, त्याचा उद्योग निराळा आहे. तो मोडलेली वस्तू फेकून न देण्याची एक जुनी सवय जपत असतो. ही सवय आपल्या समाजातून किती वेगाने नाहीशी होत आहे, हे पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यांवर भरतीबरोबर येऊन पडणाऱ्या प्लॅस्टिकच्या राशी पाहिल्या म्हणजे कळून येते.

फाउंटन पेन ही वस्तू दिसते तेवढी साधी नाही. बोरू शाईत बुडवावा, दोन शब्द लिहावेत, पुन्हा बुडवावा, असा आपल्या पूर्वजांचा शिरस्ता होता. पुढे इंग्लंडातील बर्मिंगहॅमसारख्या शहरांत यंत्रावर पोलादी निबा तयार होऊ लागल्या आणि बोरूच्या जागी टाक आला; परंतु दौत काही सुटली नाही. लेखणीच्या पोटातच शाई साठवावी ही कल्पना जुनी. पेत्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये असताना १८२७ साली अशा लेखणीचे फ्रेंच सरकारकडून पेटंट मिळविले होते. अडचण शाई साठविण्याची नव्हतीच. ती बेताने खाली सोडण्याची होती. शाई बाहेर पडावयाची तर तिची जागा घेण्यास हवा आत गेली पाहिजे. ती कमी गेली तर लेखणी कोरडी पडते, आणि एकदम गेली तर कागदावर डाग पडतो.

हा तिढा न्यूयॉर्कच्या लुइस एडसन वॉटरमन यांनी १८८४ साली पेटंट घेतलेल्या रचनेने सोडविला. निबेच्या पोटाशी असलेल्या जिभेत त्यांनी एक खाच आणि त्या खाचेच्या तळाशी अतिशय बारीक चिरा ठेवल्या. दिव्याच्या वातीत तेल जसे आपोआप चढते, तसे केशाकर्षणाने त्या चिरांतून शाई निबेकडे येते आणि त्याच वाटेने हवा थोडी थोडी आत जाते. कागदाचा स्पर्श झाला की शाई वाहते, निब उचलली की थांबते. यात ना चाक ना स्प्रिंग. निसर्गाचा एक नियम आणि कारागिराचा हात एवढेच आहे. म्हणूनच असे पेन शंभर वर्षांनी पुन्हा चालू होऊ शकते. ज्यात झिजण्यासारखे फारसे काही नाही ते मरत नाही, फक्त तुंबते.

पुढील पन्नास-साठ वर्षे या लेखणीच्या वैभवाची होती. जॉर्ज पार्कर यांनी १८८८ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील जेन्सव्हिल गावी कंपनी काढली. आयोवा राज्यातील फोर्ट मॅडिसनचे जवाहिरे वॉल्टर शेफर यांनी १९०८ साली बाजूच्या खटक्याने शाई भरण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. खटका उचलला की आतली पट्टी रबराची नळी दाबते. सोडला की नळी फुगून शाई ओढून घेते. त्याआधी ड्रॉपरने थेंब थेंब शाई भरावी लागे. १९२१ मध्ये पार्करचे डुओफोल्ड सात डॉलरना विकले जाऊ लागले. त्या काळी ती रक्कम थोडी नव्हती. १९२९ मध्ये जर्मनीतील पेलिकन कंपनीने दट्ट्या फिरवून शाई ओढणारे पेन आणले. १९४१ मध्ये झाकलेल्या निबेचे पार्कर ५१ बाजारात आले. १९४५ च्या सप्टेंबरात जपानने ‘मिसूरी’ या युद्धनौकेवर शरणागती पत्करली, तेव्हा जनरल मॅकआर्थर यांनी सही करताना वापरलेल्या पेनांत त्यांच्या पत्नीचे नारिंगी डुओफोल्डही होते. एका महायुद्धाचा शेवट अशा रीतीने फाउंटन पेनाने लिहिला गेला.

आणि नियतीचा खेळ असा, की त्याच वर्षी त्या लेखणीचाही शेवट लिहिला जाऊ लागला. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने १९३८ साली गोळीच्या टोकाच्या लेखणीचे पेटंट घेतले होते आणि युद्धकाळात अर्जेंटिनात जाऊन ती कल्पना पुरी केली होती. त्या धर्तीचे बॉलपेन २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या गिंबल्स या दुकानात साडेबारा डॉलरना विक्रीस आले आणि ते घेण्यास हजारोंची झुंबड उडाली. डुओफोल्डच्या पहिल्या किमतीहूनही ते महाग होते! पुढे १९५० मध्ये मार्सेल बिक यांनी फ्रान्समध्ये स्वस्त बॉलपेन काढले आणि लेखणी ही जपण्याची नव्हे, संपविण्याची वस्तू झाली.

आमच्या किनाऱ्यावर ही पेने आली कशी, हा एक स्वतंत्र इतिहास आहे. १९५४-५५ पासून भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी आरंभली, तेव्हा पोर्तुगीज सरकारने परदेशी मालाला दारे सताड उघडली. खनिजाच्या निर्यातीतून पैसा येत होता. त्यामुळे पलीकडे भारतात आयातीवर कडक निर्बंध असताना पणजी, म्हापसा, मडगावच्या दुकानांतून युरोप-अमेरिकेची घड्याळे, रेडिओ आणि पेने मांडलेली असत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना त्या दुकानांचे अप्रूप वाटे. याखेरीज जहाजावर नोकरीस गेलेले तारवटी आणि पूर्व आफ्रिकेत नशीब काढण्यास गेलेले नोकरदार परतताना एखादे पेन घेऊन येत. पोर्तुगीज भाषेत फाउंटन पेनाला ‘कानेता द तिंता पेर्मानेंत’, म्हणजे कायमच्या शाईचे पेन, असे म्हणतात. त्या नावातील ‘कायम’ हा शब्द आज खणाच्या तळाशी पडलेले पेन पाहताना मनाला चटका लावतो.

याच काळाची दुसरी बाजू स्वदेशीची होती. राजमहेंद्री येथील रत्नम यांनी महात्मा गांधींच्या स्वदेशीच्या हाकेला अनुसरून देशी पेन तयार केले आणि १९३५ मध्ये गांधीजींनी पत्र लिहून त्याची पोच दिली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. एबोनाइटचा दांडा चरकावर धरून हाताने पेन घडविण्याची कला त्या गावाने पुढेही टिकविली. शाईच्या बाबतीत तर मराठी माणसाने अभिमान बाळगावा असे काम झाले. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी आपल्या भावाच्या साहाय्याने १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि वड्या तयार करण्याचा उद्योग सुरू केला. त्यातूनच उंटाची मुद्रा असलेली कॅम्लिनची शाई मराठी मुलांच्या दप्तरांत आली. आता त्या कंपनीची सूत्रे २०११ पासून कोकुयो या जपानी कंपनीकडे आहेत. उलट, ज्या शेफरच्या पेनासाठी आपले वडीलधारे आफ्रिकेहून येणाऱ्या आप्ताची वाट पाहत, ती शेफर ही नाममुद्रा २०२२ साली बंगळुरूच्या विल्यम पेन या कंपनीने विकत घेतली. काळाची चक्रे अशी उलटसुलट फिरतात.

ज्यांनी पाचवी-सहावीत शाईच्या पेनाने कित्ता गिरवला, त्यांना निळी बोटे, खिशावरचा डाग, टिपकागद आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कोमट पाण्याने धुतलेले पेन आठवत असेल. त्यांना बाजाराच्या कोपऱ्यावर लाकडी पेटी मांडून बसणारा पेनदुरुस्तीवालाही आठवत असेल. वाकडी निब तो अंगठ्याच्या नखाने सरळ करी, जीभ बदलून देई, आणि चार आणे जादा दिले तर दांड्यावर मालकाचे नाव कोरून त्यात पांढरा रंग भरी. बॉलपेन स्वस्त झाले तसा तो कारागीर उठून गेला. त्याची विद्या कुणी लिहून ठेवली नाही. आज जे छांदिष्ट जुनी पेने दुरुस्त करतात, ते खरे पाहता त्याचेच राहून गेलेले काम पुढे चालवीत आहेत.

हे काम कसे चालते ते थोडक्यात सांगितले पाहिजे; कारण अज्ञानाने होणारी हानी कालौघाने होणाऱ्या हानीहून मोठी असते. सर्वप्रथम पेन कशाचे आहे ते ओळखावे. जुनी काळी पेने बहुधा एबोनाइटची, म्हणजे भरपूर गंधक घालून कठीण केलेल्या रबराची असतात. अंगठ्याने जोरात घासली तर गंधकाचा वास येतो. रंगीबेरंगी, शिंपल्यासारखी झळकणारी पेने सेल्युलॉइडची असतात. सेल्युलॉइड हे नत्राम्लाने संस्कारित कापसाचे द्रव्य आणि कापूर यांपासून होते, आणि म्हणून ते घासले असता चक्क कापराचा वास येतो. कापराप्रमाणेच ते भडकन पेटते. दसऱ्याला असे पेन पाटावर ठेवणाऱ्यांनी निरांजन चार हात दूर ठेवावे, ही आमची गंभीर सूचना आहे. काही जुनी इंग्रजी पेने दुधातील केसीनची असतात. ती पाण्यात ठेवली तर फुगून मऊ पडतात.

खटक्याच्या पेनात आतली रबरी नळी हमखास मेलेली असते. ती कोळशाच्या कपच्यांसारखी होऊन आत चिकटलेली आढळते. खटका जोराने ओढल्यास तो मोडतो; म्हणून प्रथम निबेचा गळा दांड्यापासून वेगळा करावा लागतो. हा सांधा पुष्कळदा लाखेने पक्का केलेला असतो. हाताला सोसेल इतक्याच कोरड्या उष्णतेने लाख सैल होते आणि मग गळा हळूहळू निघतो. आतील जुने रबर खरवडून काढावे. नळ्यांची मापे चौसष्टांश इंचात मोजतात. सोळा नंबरची नळी म्हणजे पाव इंच व्यासाची. योग्य मापाची नवी नळी कापून तिचे तोंड पातळ लाखेने गळ्याला चिकटवावे, रात्रभर वाळू द्यावे, नळीला शंखजिऱ्याची पूड चोळावी आणि पेन पुन्हा जोडावे. लाख आजही मुख्यतः आपल्याच देशाच्या जंगलांतून, विशेषतः झारखंडातून येते. म्हणजे जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात अमेरिकन पेनाचा सांधा बसविला जातो, तेव्हा त्याला बहुधा भारतीय लाख लागलेली असते. पार्कर ५१ ची गोष्ट याहून सुकर. १९४८ नंतरच्या त्या पेनांतील प्लॅस्टिकची नळी आजही चांगली निघते आणि साध्या पाण्याने दोन दिवस धुतली की ती पेने पुष्कळदा चालू होतात.

निबेचे काम सर्वांत नाजूक. घड्याळजीच्या भिंगातून पाहिले की निबेची दोन पाती आणि त्यांच्या टोकांवरील कठीण धातूचे दोन कण दिसतात. पाती वरखाली झाली असतील तर बोटांच्या हलक्या दाबाने समपातळीत आणावीत. चिरेत गाळ अडकला असेल तर पितळेच्या कागदासारख्या पातळ पत्र्याने काढावा. मद्यार्काचा थेंबही लावू नये. त्याने लाख विरघळते आणि सेल्युलॉइडही खराब होते. काजळी व डिंकाची पारंपरिक काळी शाई बोरूसाठी उत्तम. फाउंटन पेनात ती घातली तर जिभेच्या चिरा कायमच्या बुजतात. माजूफळ आणि हिराकसाची जुन्या पद्धतीची शाई आम्लधर्मी असते. तीही पेनात वाळू दिली तर पोलादी निबेला खाते.

आमच्या दमट हवेत आणखी काही पथ्ये पाळावी लागतात. पावसाळ्यात खटक्याची पोलादी पट्टी गंजते, आणि प्रकाश व ओल लागली की एबोनाइटच्या पृष्ठभागावर गंधकाम्ल तयार होऊन काळा रंग तपकिरी पडतो. पेन वापरावयाचे नसेल तर धुऊन, पुसून, कोरडे करून अंधाऱ्या खणात ठेवावे. एबोनाइट आणि सेल्युलॉइड एकाच बंद डबीत कोंडू नयेत. रबरातून निघणाऱ्या वायूने फिकट सेल्युलॉइड काळवंडते.

हे सर्व आम्ही अधिकारवाणीने सांगत आहोत असे वाटेल. वास्तविक यातील एक गोष्ट आम्ही एक पेन बिघडवून शिकलो आहोत, आणि ते पेन दुसऱ्या कुणाचे नव्हे, आमच्या वडिलांचे होते. काळ्या एबोनाइटचे, खटक्याचे, दांड्यावर त्यांचे नाव कोरलेले. त्यांच्या पश्चात ते कित्येक वर्षे खणात पडून होते. छंदाच्या पहिल्या उत्साहात आम्ही ते गरम पाण्यात बुडवून ठेवले. वाळलेली शाई लवकर सुटावी एवढाच हेतू. अर्ध्या तासाने बाहेर काढले तेव्हा काळे पेन हिरवट तपकिरी झाले होते. गरम पाण्याने एबोनाइटचा रंग उडतो हे तेव्हा ठाऊक नव्हते. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. परंतु झालेली चूक झाकण्याची घाई वाईट. आम्ही बारीक पॉलिश कागद घेतला आणि तो तपकिरी थर घासू लागलो. खालचा काळा रंग वर येऊ लागला तसा हुरूप वाढला. पेन झळझळीत झाले. मग आमच्या ध्यानात आले, की वडिलांचे नाव कागदावरील काळ्या भुकटीबरोबर निघून गेले होते. ते नाव त्यांनी पहिल्या पगारातून पैसे देऊन कोरवून घेतले होते, असे आई सांगत असे. पेन नवे दिसत होते, आणि ते आता कुणाचेही असू शकत होते.

या छंदातील धोका आम्ही म्हणतो तो हाच. जुन्या पेनांच्या बाजारात कोरीव नाव असलेल्या पेनाला सामान्यतः कमी किंमत येते. नाव म्हणजे डाग, असे तेथील गणित. म्हणून विकणारे नावे घासून टाकतात. अस्सल कडे काढून चकचकीत नवे बसवितात, दोन पेनांचे भाग जोडून तिसरे तयार करतात. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या चुलत्यांचे पेन अशाच एका खरेदीदारास दाखविले होते. नाव काढून दिल्यास चांगली रक्कम देऊ, असे त्याने सांगितले. मास्तरांनी पेन खिशाला लावले आणि ते घरी आले. व्यवहाराच्या दृष्टीने ते तोट्यात गेले असतील. परंतु आम्हांला त्यांचा हेवा वाटला. आम्हांस ज्याची कोणी किंमतही देऊ केली नव्हती, ते आम्ही फुकट घालविले होते.

जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ आमच्या किनारपट्टीला वेगळा सांगावा लागू नये. गावोगावच्या देवळांचा जीर्णोद्धार आपण पाहिला आहे. जेथे तो जाणत्या हातांनी झाला, तेथे गळके छप्पर शाकारले गेले, कुजलेला खांब बदलला गेला आणि देऊळ तेच राहिले. जेथे तो केवळ उत्साहाने झाला, तेथे चुन्याच्या भिंतीवरील कावी चित्रे खरवडली गेली, कोरीव लाकडावर तैलरंग चढला आणि सभामंडपाला गुळगुळीत फरशा आल्या. देव तोच; पण पणजोबांनी ज्या खांबाला टेकून कीर्तन ऐकले तो खांब ओळखू येईनासा झाला. मोडलेले चालू करणे हा जीर्णोद्धार होय. जुन्याला नवे भासविणे हा जीर्णोद्धार नव्हे. लेखणी लहान आहे म्हणून तिला हा नियम लागू नाही असे नाही. किंबहुना लहान वस्तूतच तो मोडणे अधिक सोपे असते, कारण तेथे गावकऱ्यांची सभा भरत नाही. एक मनुष्य आणि एक पॉलिश कागद पुरतो.

म्हणून आमच्या वाचकांस काही विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली ही, की जुनी घरे मोडली जात आहेत, वाटण्या होत आहेत, सामान भंगारवाल्याच्या टेम्पोत चढत आहे. तत्पूर्वी खण एकदा स्वतः रिकामे करावेत. पेन सापडले तर ते कोणाचे, कोठून आले, त्याने काय लिहिले गेले, हे घरातील वृद्ध माणसाला आजच विचारून कागदावर टिपून ठेवावे. पेन पुढेही दुरुस्त होईल. सांगणारा मनुष्य थांबणार नाही. दुसरी विनंती छांदिष्टांना. निब, जीभ, नळी आणि खटका यांवर वाटेल तेवढे कौशल्य दाखवावे. नावाला, ओरखड्यांना आणि दातांच्या खुणांना मात्र हात लावू नये. विचार करताना पेनाचे टोक चावण्याची सवय ज्याला होती त्याची ती एकच खूण पुष्कळदा उरलेली असते. तिसरी विनंती आमच्या बाजारपेठांतील घड्याळजींना आणि त्यांच्या मुलांना. मनगटी घड्याळांचे काम कमी झाले अशी त्यांची तक्रार आम्ही ऐकतो. भिंग, चिमटा आणि धीर या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी आहेतच. पेनदुरुस्तीची उठून गेलेली पेटी पुन्हा मांडण्यास त्यांच्याइतके योग्य कोणी नाही. चौथी विनंती पालकांना. मुलाच्या हाती आजोबांचे पेन एकदा तरी द्यावे. ते सांडेल, बोटे निळी होतील. पण वस्तू जपून वापरावी लागते, हा धडा बोटांनी शिकला म्हणजे विसरत नाही.

संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या काळात हाताने लिहिणेच कमी झाले असताना हा आग्रह कशाला, असे कोणी विचारील. सर्वांनी दौत घेऊन बसावे असे आम्ही म्हणत नाही. हा मजकूरही छपाईला जाण्यापूर्वी यंत्रावरच जुळविला गेला आहे. परंतु घरात एक तरी वस्तू अशी असावी, की जी आपल्या आधी होती आणि आपल्या नंतरही कामास येईल. सोने तिजोरीत राहते, जमीन वादात सापडते. लेखणी खिशाला लावून हिंडता येते आणि तिच्याने रोज काही तरी करता येते.

वडिलांच्या त्या पेनाचे पुढे काय झाले, हे सांगून हे लिहिणे पुरे करतो. नवी नळी घालून आम्ही ते चालू केले. पण ते आमच्या हाती नीट लिहीना. शाई येई, मध्येच तुटे. निबेत दोष असावा म्हणून भिंगाखाली धरली, तेव्हा टोक एका बाजूने झिजलेले दिसले. कितीही कठीण धातू असला तरी वर्षानुवर्षे एकाच कोनात कागदावर फिरल्याने तो त्या हाताच्या वळणाप्रमाणे झिजतो. टोक घासून आमच्या हाताजोगे करून घेणे दोन मिनिटांचे काम होते. पॉलिश कागद तेथेच होता. या वेळी आम्ही तो परत खणात ठेवला. त्याऐवजी पेन थोडे डावीकडे कलते धरून पाहिले, आणि ते सुरळीत लिहू लागले. वडील तसेच लिहीत. लहानपणी त्यांच्या मेजाच्या कडेला हनुवटी टेकून आम्ही ते पाहत असू, हे तेव्हा आठवले. नाव गेले ते गेलेच. ते पुन्हा कोरून घेण्याचा विचार मनात आला आणि आम्ही तो सोडून दिला. येत्या दसऱ्याला मात्र आमच्या पाटावर तीच लेखणी असेल, शाईने भरलेली. आणि पूजा आटोपल्यावर तिच्याने पहिली ओळ लिहिताना ती आम्ही थोडी डावीकडे कलती धरू.